मनाने केलेले कर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी एका मनुष्याचे वर्णन केले आहे. त्याने कर्मेंद्रिये आवरून धरली आहेत. पण मनाने तो विषयांचेच स्मरण करीत बसला आहे. भगवंत त्यास मिथ्याचारी म्हणतात. भाषांतरात या शब्दासाठी ‘ढोंगी’ हा शब्द पुष्कळदा योजला जातो. परंतु ढोंगी मनुष्य जाणूनबुजून दुसऱ्यास फसवितो. येथे तर त्याच श्लोकात त्यास ‘विमूढात्मा’ असेही विशेषण आहे. विमूढ तो, ज्याची स्वतःचीच फसगत झाली आहे. हात हलला नाही म्हणजे कर्म घडले नाही, अशी त्याची समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, हे पाहू.

शिकागो येथील एडमंड जेकबसन यांनी १९३० च्या सुमारास काही प्रयोग केले. स्वस्थ पडून राहिलेल्या मनुष्यास ‘हात वाकवीत आहोत, अशी केवळ कल्पना करा’ असे सांगितले. हात दिसण्याजोगा हलला नाही. तथापि त्याच हाताच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह यंत्रावर उमटला. पुढे १९९२ मध्ये आयोवा विद्यापीठातील यू आणि कोल यांनी करंगळीच्या एका स्नायूचा अभ्यास केला. चार आठवडे ज्यांनी प्रत्यक्ष व्यायाम केला, त्यांचे बळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढले; ज्यांनी तोच व्यायाम केवळ मनाने केला, त्यांचेही सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. काहीच न करणाऱ्यांची वाढ चार टक्क्यांहूनही कमी होती. हे बळ आले ते मुख्यतः मज्जासंस्थेतून. हालचालीची कल्पना करताना मेंदूतील हालचाल योजणारी केंद्रे खरोखरच जागृत होतात. फक्त अखेरची आज्ञा अडवून धरली जाते.

वाचकहो, यातील मर्म ध्यानात घ्यावे. शेजाऱ्याशी झालेले भांडण रात्री अंथरुणावर पडून जो पुनःपुन्हा मनात भांडतो, त्याच्या मुठी नकळत आवळतात, दातांवर दात बसतात. मनुष्य समजतो, ‘मी तर कोणास काही बोललो नाही.’ पण तो उद्याच्या कठोर शब्दांचा अभ्यासच करीत असतो. विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, काम, क्रोध आणि शेवटी सर्वनाश, ही दुसऱ्या अध्यायातील परंपरा अशीच चिंतनापासून सुरू होते. तिचा पहिला दुवा तोडणे सोपे असते. शेवटचा तोडणे दुर्घट.

परंतु जो नियम बांधतो, तोच सोडवितोही. २०१४ साली ओहायो विद्यापीठातील संशोधकांनी काही निरोगी व्यक्तींचे मनगट चार आठवडे बांधून ठेवले. ज्यांनी त्या काळात मनगट आवळण्याची नियमाने कल्पना केली, त्यांच्या बळाची हानी इतरांच्या सुमारे निम्मीच झाली. आपल्या घरोघरी एखादी वृद्ध माता अंथरुणास खिळलेली असते. देवघरापर्यंत जाता येत नाही, फूल वाहता येत नाही, म्हणून ती कष्टी होते. तिला सांगावे की, मानसपूजा ही असमर्थाची पळवाट नव्हे. मनाने केलेले स्नान, मनाने वाहिलेले तुळशीपत्र भगवंतास पोचते, हा श्रद्धेचा विषय आहे. प्रयोगशाळेच्या मोजमापावर तो अवलंबून नाही. मात्र एकाग्र मनाने केलेली क्रिया करणाऱ्यास रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही, एवढी साक्ष या प्रयोगांतूनही मिळते.

तरी एक सावधगिरी हवी. १९९५ मध्ये पास्कुअल-लिओन यांनी पियानो-वादनाचा प्रयोग केला. पाच दिवस केवळ मनाने सराव करणारे, प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसापर्यंतच पोचले. दोन तास बोटे प्रत्यक्ष चालविताच ते त्यांच्या बरोबरीस आले. कल्पना ही कर्माची पूर्वतयारी आहे, कर्माचा पर्याय नाही. ज्याचे हात धड आहेत, त्याने मनातल्या मनात दान करून समाधान मानू नये. भगवंतांनी अर्जुनास युद्धाची कल्पना करावयास सांगितले नाही, उठावयास सांगितले.

म्हणून निजण्यापूर्वी गृहस्थाने थोडा वेळ उद्याचा एखादा कठीण प्रसंग डोळ्यांसमोर आणावा आणि त्यात आपण शांतपणे बोलत आहोत, हात जोडीत आहोत, असे मनाने करून पाहावे. दुसऱ्या दिवशी मात्र ते खरोखर करावे. मनाने नांगरलेल्या जमिनीत हाताने पेरले, तरच पीक येते.