कागदावरचे विमान

माणसाचा हिशेब आपण त्याने केलेल्या कृत्यांवरून मांडतो. कायदाही साधारण तसाच चालतो. पण जे मनाशी ठरवले, कागदावर आखले आणि परिस्थितीने मात्र होऊ दिले नाही, ते कोणाच्या खाती मांडायचे? चांगले काम अपुरे राहिले तर आपण हळहळतो. वाईट काम अपुरे राहिले तर सुटलो म्हणतो आणि विसरून जातो. हे विसरणे कितपत बरोबर आहे?

अपुऱ्या कामाचे मोल सोयगावकडच्या माणसाला सांगायला नको. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात, फर्दापूरजवळ आहेत. त्यांतले चोविसावे लेणे पुरे झाले असते तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटकांच्या काळात काम थांबले आणि कातळ तसाच राहिला. तरी छिन्नीचे घाव पाहून घडवणाऱ्यांच्या मनात काय होते ते कळते. म्हणजे जे झाले नाही, तेही साक्ष देते.

हीच नजर एका अगदी निराळ्या अपुऱ्या कामाकडे वळवून पाहू. १९४४ साली जर्मनीवर रात्रंदिवस बॉम्ब पडत होते. तिथे धातू आणि इंधन अपुरे पडत होते, अनुभवी वैमानिक मोठ्या संख्येने मारले गेले होते. अशा वेळी हाइन्केल कंपनीच्या व्हिएन्नातील अभियंत्यांनी पी-१०७७ हे रॉकेटवर उडणारे विमान आखले. त्याचे लाडके नाव ‘युलिया’. बहुतेक बांधणी लाकडाची, पंखांचा विस्तार पाच मीटरांहूनही कमी. पहिल्या आराखड्यात वैमानिकाने आत पालथे झोपायचे होते. चढत्या रुळावरून सुटायचे, झपाट्याने शत्रूच्या बॉम्बफेकी विमानांपर्यंत पोहोचायचे, तोफा डागायच्या आणि इंधन संपले की तरंगत खाली येऊन पोटाखालच्या पट्टीवर घसरत उतरायचे. चाके नाहीतच. युद्ध संपले तोवर एकही युलिया आकाशात गेले नाही.

आखणाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतील. पहिली, विमान बनलेच नाही, मग दोष कसला? पण ते बनले नाही, याचे कारण वेळ, सामान आणि युद्ध तिन्ही हातचे गेले. कोणाच्या सदसद्विवेकाने ते थांबवले नाही. चोराला कुलूप उघडता आले नाही, म्हणून तो साधू ठरत नाही.

दुसरी गोष्ट इतकी सहज बाजूला सारता येत नाही. हे विमान कोणाच्या शहरावर चालून जाणार नव्हते. ते आलेल्या विमानांना अडवणार होते. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर झालेल्या बॉम्बहल्ल्यांत हजारो सामान्य माणसे, बायका-मुले जळून मेली. तळघरात लेकरू छातीशी धरून बसलेल्या आईला हे विमान वाईट कसे वाटेल? तिची बाजू खरी आहे. पण ज्या आकाशाखाली ती आई होती, त्याच आकाशाखाली छळछावण्याही होत्या. डोरा छावणीतील कैदी जमिनीखाली रॉकेटे बनवता बनवता मरत होते. आईचे छप्पर वाचवणारे विमान त्या राजवटीलाही आणखी काही दिवस देणार होते. बचाव हा शब्द पुरेसा नाही. कशाचा बचाव, हेही विचारावे लागते.

आणि आतल्या माणसाचे काय? युलियासाठी निवडलेल्या वाल्टर इंजिनात तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत. ते अंगावर सांडले तर कातडी जळते. त्याच घराण्यातले इंजिन असलेल्या ‘कोमेट’ विमानांत स्फोट होऊन वैमानिक मेले होते. युलियाच्याच काळात एरिश बाखेम यांनी आखलेले ‘नाटर’ हे रॉकेट-विमान प्रत्यक्षात बांधले गेले. १ मार्च १९४५ रोजी त्यात बसून सरळ वर झेपावलेला २२ वर्षांचा लोथार झीबर मिनिटाभरातच जमिनीवर आदळून मेला. लाकूड स्वस्त, खिळे स्वस्त, तसा तरुणही स्वस्त. हे गणित नाटर उडाले त्या दिवशी सुरू झाले नाही. ते आराखड्याच्या कागदावर आधीच सोडवलेले होते. युलियाच्या कागदावरही तेच गणित आहे, फक्त त्याला झीबर मिळाला नाही.

कातळातून काढलेला दगड परत बसवता येत नाही. म्हणून कातळ कोरणारा प्रत्येक घाव विचार करून घालतो. कागदाचे तसे नाही. रेघ खोडता येते, कागद फाडता येतो, ‘हे मी करणार नाही’ असे म्हणता येते. वस्तू बनायला लागली की पैसा, हुकूम, कारखाना, युद्ध सगळे तिला पुढे ढकलतात. मग एकट्या माणसाचे काही चालत नाही. नाझी राजवटीत नकाराची किंमत मोठी होती, हे मान्य. तरीही आखणारा सर्वांत मोकळा असतो तो कागदापाशीच, आणि म्हणून त्याची जबाबदारीही तिथेच सर्वांत जड असते.

आज आपली मुले अभियंते होत आहेत, संगणकावर आराखडे काढत आहेत. ‘आम्ही फक्त आखले’ हे वाक्य त्यांच्याही तोंडी येईल. त्यांना यंत्राचे गणित शिकवताना एवढे विचारायलाही शिकवावे: या हिशेबात न विचारता खर्ची घातलेला माणूस कोण आहे? तो सापडला, तर रेघ पुढे ओढण्याआधी हात थांबला पाहिजे. नियत कागदावरही वाचता येते.