मुलीचे नशीब की आपला निर्णय?



गरिबाच्या घरी मुलगी जन्मली, तिची शाळा सुटली, पंधराव्या वर्षी तिचे लग्न उरकले आणि विशीच्या आत तिच्या कडेवर दोन लेकरे आली, की आपण म्हणतो, "तिचे नशीबच तसे!" आपण बुद्धाला शरण गेलो, पण हा शब्द आपल्या घरातून गेला काय?

नशीब म्हणजे पूर्वजन्मीचे संचित. आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांनीही हेच कारण सांगितले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपणास त्या कल्पनेतून सोडविले. मग जी गोष्ट आपण स्वतःसाठी नाकारली, ती आपल्या मुलीच्या माथी कशी मारता येईल?

तथागत सांगतात, दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. तेव्हा कारण शोधू या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २० ते २४ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झाले होते. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शेजारी बीड जिल्ह्यात हाच आकडा सुमारे ४४ होता. पूर्वजन्मीचे पाप जिल्ह्याची हद्द पाहून वाढते काय?

कारण जमिनीवर आहे. पाऊस नाही, हाताला काम नाही. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघावयाचे. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि उचल या जोडीला मिळते. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही आईची भीती खोटी नाही. मुलीचे लग्न केले की घरची काळजी मिटते आणि सासरी आणखी एक कोयता तयार होतो. ही गरिबी माणसांच्या व्यवस्थेने निर्माण केली आहे. तिचा सगळा दोष आईबापांवर टाकणे हा अन्याय होईल.

परंतु त्याच घरात, त्याच गरिबीत, मुलगा शाळेत राहतो आणि मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते. येथे गरिबीचे उत्तर पुरे पडत नाही. दोघांत कोणी मागे राहावे हे आपण ठरविले, आणि तेही जन्मावरून ठरविले. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणे हाच तर वर्णव्यवस्थेचा पाया होता!

थेरीगाथेतील पुण्णिका आठवा. ती दासीच्या पोटी जन्मलेली, मालकिणीच्या धाकाने कडाक्याच्या थंडीत नदीचे पाणी भरणारी मुलगी. पाप धुण्यासाठी नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला तिने विचारले, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवेही स्वर्गाला जातील काय? ब्राह्मण निरुत्तर झाला. ही प्रज्ञा पाणी वाहणाऱ्या मुलीपाशी होती. पुढे ती भिक्खुणी झाली. आज आपल्या वस्तीत हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलींत पुण्णिका नाहीत, असे कोण म्हणेल?

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलांच्या लग्नाची घाई करू नका, असे बजावले होते. १९५० साली त्यांनी आपल्या शहरात महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्याचे दारिद्र्य आधी संपू द्या, असे म्हणून ते थांबले नाहीत.

म्हणून हे एकट्या आईबापांवर सोडू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी विहारात करा. मुलींसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी पंचायतीत आणि जिल्हा परिषदेत लावून धरा. वसतिगृह मिळेपर्यंत उपासिकांनी आपल्या घरी एकेक मुलगी ठेवून घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलीच्या लग्नाला अक्षता टाकावयास जाऊ नका. २००६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. असे लग्न ठरल्याचे कळले तर १०९८ वर कळवा. आणि घरात वही एकच घेण्याइतके पैसे असतील, तर या वेळी ती मुलीला द्या.

विहारात पंचशील म्हणताना आपली मुलगी शेजारी उभी असते. उद्या ती कोठे असेल, हे आज तुम्ही ठरविणार आहात.

जयभीम!