जामीन कोण राहणार?

मुलाखत म्हटलं की आपल्याला नोकरी आठवते, फार तर दिवाळी अंक. मुंबईत सातरस्त्याच्या बाजूला आर्थर रोड तुरुंगाच्या फाटकाशी सकाळी रांगेत उभ्या असलेल्या आईला मात्र या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो: आत असलेल्या मुलाशी काही मिनिटांचं बोलणं. तिच्या हातातल्या पिशवीत कपड्यांचा जोड असतो, आणि फाटकावर कुठला कागद मागतील याची धास्ती मनात.

गुन्हेगारीशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा एक वर्ग अशा रांगेतही भरतो. या विषयाचं नाव काढलं की लोक बोटांचे ठसे, रक्ताचे नमुने, भिंग घेतलेला गुप्तहेर असं काहीबाही डोळ्यांपुढे आणतात. ते काम न्यायसहायक प्रयोगशाळेचं. गुन्हेगारीशास्त्राला आणखी मागे जायचं असतं. हा मुलगा इथवर कसा आला, आणि उद्या सुटला तर जाणार कुठे?

देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय समाजकार्याच्या अंगाने शिकवला जातो. ही संस्था 1936 साली सुरू झाली ती नागपाड्याच्या वस्तीत, नेबरहूड हाउसमध्ये. शेजार हा शब्द तिच्या जन्माच्या पत्त्यातच होता. 1990 मध्ये संस्थेने ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला; त्याचे कार्यकर्ते पोलीस ठाणं, न्यायालय आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी काम करतात. विद्यार्थ्यांना पुस्तकांबरोबर क्षेत्रकार्यही करावं लागतं. तिथे त्यांना दुसरा एक शब्द नव्याने कळतो. तो म्हणजे जामीन.

समजा, चोरीच्या आरोपात पकडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला न्यायालयाने जामीन मंजूर केला. आपण बातमी वाचतो आणि पान उलटतो, कारण आपल्या लेखी तो सुटला. प्रत्यक्षात तो बराकीतच असतो. त्याला जामीनदार हवा. जामीनदाराकडे रेशनकार्ड हवं, राहत्या जागेचा पुरावा हवा, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला हवा. मुलगा गाव सोडून आलेला, रात्री हॉटेलच्या फळीवर झोपणारा. मालकाने खटल्याचं नाव ऐकताच हात झटकलेले. अशा वेळी क्षेत्रकार्यावरची मुलगी फोन लावत बसते. गावाकडच्या मामाचा नंबर शोधते, मामा पहिल्यांदा फोन ठेवून देतो, ती पुन्हा लावते. या खटपटीला गुण किती मिळतात कोण जाणे. पण गुन्ह्याचं सामाजिक कारण म्हणजे काय, हे तिला त्या ठेवलेल्या फोनने जितकं कळतं तितकं व्याख्यानाने कळत नसावं.

हा पेच आजचा नाही. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने जामिनावर सोडायला सांगितलं होतं. खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला. सख्खा भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो चालेना. गवंडी पुन्हा दिल्लीच्या दारात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. जातमुचलका म्हणजे माणसाने स्वतःच स्वतःसाठी दिलेला शब्द. गरिबाच्या शब्दालाही किंमत असते, हे सर्वोच्च न्यायालयाला लिहून द्यावं लागलं. त्यानंतर कायदे बदलले, मोफत विधिसेवा आली. तरीही 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे सुमारे तीन जण न्यायाधीन बंदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता.

इथे कुणी विचारील, आणि विचारावंच, की ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? त्याच्यामागेही कुणीतरी उभं राहावंच लागतं. टाटा समाजविज्ञान संस्थेनेच 1984 साली मुंबई पोलिसांच्या बरोबरीने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. नवऱ्याचा मार खाऊन पोलिसांकडे आलेल्या बाईशेजारी समाजकार्यकर्ती बसावी, हा त्यामागचा विचार. माहेरचे ‘परत जा’ म्हणतात, सासरचे दार लावतात, तेव्हा त्या बाईलाही जामीनच हवा असतो, फक्त कागदावर त्याला तसं म्हणत नाहीत. अभ्यास करणाऱ्याने कुणाची बाजू घ्यावी हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. ज्याच्या पाठीशी कुणीच नाही, त्याच्यापासून सुरुवात करावी.

आपल्याकडे एका राजाने ही सुरुवात करून दाखवली होती. 1939 मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी स्वतंत्रपूर वसवलं. भिंत नाही, बेडी नाही. शिक्षा झालेली माणसं माळरानावर शेती करायला मोकळी. त्याच मातीतल्या गदिमांनी त्यावर कथा लिहिली आणि 1957 मध्ये व्ही. शांतारामांनी ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. सिनेमा सगळ्यांना आठवतो. त्यामागची वसाहत खरी आहे आणि सांगली जिल्ह्यात अजून नांदते, हे थोड्यांना ठाऊक असतं. कैदी तिथे बायकामुलांसह राहतात. भिंत नसलेल्या तुरुंगात माणसाला धरून ठेवणारी गोष्ट एकच: आपल्यावर कुणीतरी विसंबलं आहे, ही जाणीव. औंधचा राजा त्या माणसांना जामीन राहिला होता.

विद्यापीठाच्या भाषेत असं पाठीशी उभं राहण्याला ‘समाजसहभाग’ म्हणतात. शब्द मोठा आहे, पण तो अखेर पोचतो आपल्या जिन्यापर्यंतच. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला भाड्याने खोली कोण देतं? गॅरेजमध्ये हाताखाली कोण घेतं? त्याच्या मुलीला शाळेत ‘ती चोराची पोर’ म्हणतात तेव्हा बाई काय करतात? यांची उत्तरं कुठल्याच कलमात लिहिलेली नाहीत. न्यायालय शिक्षेची मुदत ठरवतं. ती मुदत संपल्यावरही चालू राहणारी शिक्षा आपण देत असतो, दार अर्धवट उघडून, चौकशीच्या नजरेने.

आज दिवसभरात कधी असा कुणी समोर आला, तर ‘काय केलं होतंस?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवून ‘राहतोस कुठे, जेवलास का?’ एवढं विचारून बघा. ऐपतीचा दाखला तहसीलदार देतो. ऐपत आपल्याला दाखवावी लागते.