गुलाब वाचवायचा म्हणजे नेमकं काय वाचवायचं?

गोंडपिपरीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हाळ्यांत अंगणातला जुना गुलाब दरवर्षी थोडा थोडा कमी होतो. फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत येतात, फुलं बारीक होतात. मग घरात कोणीतरी म्हणतं, "उपटा आता, नवीन आणू." दुसरं कोणी म्हणतं, "आजीच्या हातचं झाड आहे, राहू द्या."

वाद बागकामाचा वाटतो, पण प्रश्न वेगळाच आहे. आपण निष्ठा नेमकी कशाशी ठेवायची?

नर्सरीतला गुलाब बहुतेकदा दोन झाडांचा असतो. खाली काटक जातीचा खुंट आणि त्यावर भरलेला हव्या त्या गुलाबाचा डोळा. वरचा भाग मेला तरी खुंट जगतो, जोमानं फुटतोही. घरात आनंद होतो. पण ती फूट जोडाच्या खालून आली असेल, तर आजीचा गुलाब केव्हाच गेलेला असतो. जागा तीच, नाव तेच, पाणी मात्र आपण दुसऱ्याच झाडाला घालतो.

आता उलट उदाहरण बघा. जर्मनीतल्या हिल्डेसहाइम शहरात कॅथेड्रलच्या भिंतीवर शेकडो वर्षांचा रानगुलाब आहे. २२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला आणि ढिगाऱ्याखाली गेला. काही आठवड्यांत त्याच मुळांतून नवे कोंब आले. तो स्वतःच्या मुळांवर उभा होता, म्हणून परत आला तो तोच. फांदी लावून वाढवलेल्या आपल्या गावठी गुलाबाचंही असंच असतं.

म्हणून आधी बघावं, मग ठरवावं. नखानं साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, काळं लाकूड जिवंत भागापर्यंत छाटा, कापावर बोर्डो पेस्ट लावा, बुडाशी वाळवी आहे का बघा, शेणखत द्या. आणि त्याच वेळी पेन्सिलीएवढ्या जाड दोन-चार फांद्या कुंडीत लावून ठेवा. त्यातून येणारं रोप आठवण म्हणून ठेवलेली वस्तू नसते, ते आजीचंच झाड असतं, नव्या मुळांवर उभं राहिलेलं.

एवढं करूनही जुनं झाड गेलं, तर ते उपटण्यात निर्दयपणा नाही. फक्त त्याच खड्ड्यात लगेच नवा गुलाब लावू नका. जुन्या गुलाबाच्या मातीत नवा गुलाब बरेचदा खुरटतो. खड्डा मोठा खणून माती बदलावी लागते. माती तीच ठेवून नुसतं रोप बदललं, तर आपण दुखणं तसंच ठेवून फक्त रोगी बदललेला असतो.

मला सगळ्यात अवघड वाटते ती तिसरी वाट. ना छाटणं, ना उपटणं, आजीच्या आठवणीपोटी झाडाला हातच न लावणं. यात प्रेम दिसतं, पण त्या प्रेमाखाली झाड मरत असतं. निर्णय पुढच्या वर्षावर ढकलता येतो. कलमाला मात्र एक तरी हिरवी फांदी शिल्लक लागते.