न काढलेली भांडी

ओन्ताच्या कुंभाराला घाई करून भागत नाही. ओढा ती करू देत नाही. जपानच्या क्यूशू बेटावर, हिता शहराजवळच्या डोंगरातल्या या गावात १७०५ सालापासून भांडी घडवण्याचं काम चाललंय. इथली माती दगडासारखी कठीण. ती कुटायला ओढ्यावर भल्यामोठ्या ओंडक्यांची मुसळं बसवली आहेत. ओंडक्याच्या कोरलेल्या टोकात पाणी भरलं की ते खाली झुकतं, पाणी सांडतं आणि दुसऱ्या टोकाचं मुसळ धाडकन मातीवर आदळतं. रात्रंदिवस कुटलं तरी माती बारीक व्हायला तीन-चार आठवडे जातात. यंत्राने हेच काम कितीतरी लवकर उरकलं असतं.

झिलईचीही तीच गत. लाकडाच्या राखेतला चुना १२०० अंशांपुढच्या आचेत सिलिकाला वितळवतो आणि भांड्यावर काच धरते. भाताच्या पेंढ्याची राख सिलिकाने भरलेली, म्हणून तिची झिलई दुधाळ उतरते. लोखंडाने तपकिरी छटा येते, तांब्याने हिरवी. पण राख आधी पाण्यात कालवायची, निवळू द्यायची, वरचं खारं पाणी ओतून टाकायचं, आणि हे पुन्हा पुन्हा. शिवाय झाड बदललं की राखेचा गुण बदलतो, आणि रंगही.

अशा झिलईला ‘नैसर्गिक’ म्हणून डोक्यावर घेण्यात अर्थ नाही. जुन्या झिलयांतलं शिसंही निसर्गातूनच येतं. मला मोलाची वाटते ती मर्यादा: कुटली जाईल तेवढीच माती, धुतली जाईल तेवढीच राख.

मात्र मर्यादा एकट्याने पाळून चालत नाही. शेजाऱ्याने यंत्र आणलं, तर ओढ्यावर विसंबणारा वर्षभरात मागे पडेल. जपानी लोककला चळवळीचे प्रवर्तक यानागी सोएत्सु १९३१मध्ये इथे आले, त्यांनी या अनामिक कारागिरीचं कौतुक केलं आणि पुढे गिऱ्हाइकं वाढली. मोह तिथेच सुरू होतो. तरीही इथे कुणी भांड्यावर स्वतःचं नाव घालत नाही. जपान सरकार एरवी एकेका कलावंताला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवतं. १९९५मध्ये ओन्ताचा सन्मान झाला तो मात्र अख्ख्या समूहाचा.

याची किंमतही आहे. धंदा घरातच राहतो, आणि एका घरात एकच वारस चाकावर बसतो. बाकीच्या भावंडांनी पोटापाण्याची वेगळी वाट धरायची. परंपरेचे गोडवे गाताना हा हिशेब आपण सोयीने गाळतो. तो धरूनही मला ओन्ताचं मोल कमी वाटत नाही; उलट ही मर्यादा फुकटात मिळालेली नाही, हे कळतं.

म्हणून असं भांडं हातात घेतल्यावर ते किती सुबक आहे, यापेक्षा दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: आणखी किती भांडी काढता आली असती, आणि गावाने मिळून ती काढली नाहीत?