नोकरी वाचली ही कृपा, मग गेली ते काय?

माझी नोकरी वाचली ही देवाची कृपा असेल, तर शेजारच्या डेस्कवरच्या मित्राची गेली ते काय? वर्षभर हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

आमच्या कंपनीत गेल्या वर्षी कपात झाली. १७ जणांच्या टीममधून ६ जण गेले. मी राहिलो. त्या रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळी आई उभी राहिली आणि म्हणाली, "प्रभूने माझ्या लेकाला राखलं." मंडळीने आमेन म्हटलं. आईचं काही चुकलं असं मला वाटत नाही. संकट टळल्यावर माणूस आभार मानणारच. पण गेलेल्या सहांमधला तो मित्रही ख्रिस्तीच. त्याच्याही घरी गुडघे टेकून प्रार्थना झाली होती. त्याच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं आणि त्याचा खर्च कंपनीच्या विम्यातून निघायचा. त्याच्या आईने कसली साक्ष द्यायची?

यावर आपल्याकडे तयार उत्तर असतं : 'देवाची काहीतरी योजना असेल.' स्वतःच्या दुःखाबद्दल कुणी हे म्हणतं, तेव्हा त्यात धीर असतो. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा त्या विषयातून लवकर सुटायचं असतं.

बायबलमधली ईयोबाची गोष्ट याच दुखण्यावर बोट ठेवते. मुलं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसतात. तोवर सगळं ठीक असतं. मग ते बोलू लागतात. सर्व्हर बंद पडला की आम्ही 'रूट कॉज' शोधतो ना, तसं ते ईयोबाच्या आयुष्यात शोधू लागतात : तुझ्या हातून पाप झालं असेल, उगाच का असं होतं? शेवटी देव बोलतो, तेव्हा कारण सांगतच नाही. भांडणाऱ्या ईयोबाला तो प्रश्नांनी निरुत्तर करतो. पण राग येतो तो देवाचीच बाजू घेणाऱ्या त्या मित्रांचा. आपल्याविषयी खरं बोलला तो ईयोब, असंच देव त्यांना सुनावतो.

लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या १८ माणसांचा विषय निघतो. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं येशू सांगतो आणि ऐकणाऱ्यांनाच म्हणतो की तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे दुसऱ्याच्या पडझडीचा अर्थ लावायचं काम आपल्याकडे दिलेलंच नाही.

मग भरवसा कशावर ठेवायचा? नोकरी टिकली की वाढणारा आणि गेली की घटणारा भरवसा म्हणजे देवाला दिलेलं रेटिंग झालं. चांगली डिलिव्हरी, पाच तारे. भरवसा निकालावर नसतो, सोबतीवर असतो. म्हणून तो रागावूनही ठेवता येतो. माझा मित्र हल्ली देवावर चिडलेला असतो. तरी रोज रात्री त्याच्याशीच बोलतो.

पंडिता रमाबाई मला इथे आठवतात. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेले. त्या आणि त्यांचा भाऊ वाचले. १८८०मध्ये तो भाऊ गेला, १८८२मध्ये नवरा. १८८३मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही दुःख थांबलं नाही. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. भूक काय असते हे ठाऊक असलेल्या बाईने आपलं वाचणं असं खर्ची घातलं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला यातून मिळत नाही, पण पुढचं काम कळतं. राखला गेलो असेन, तर कुणासाठी, एवढं तरी विचारता येतं. सध्या मित्राच्या मुलाखती असतात त्या दिवशी त्याच्या वडिलांना डायलिसिसला मी नेतो. चार तास तिथे बसावं लागतं. काका बरेचदा झोपतात, जागे असले की क्रिकेटबद्दल बोलतात. देवाची योजना काय असेल, हा विषय ते काढत नाहीत. मीही काढत नाही.