विकतचे अन्न

२०२५ सालची उन्हाळ्याची सुटी मी टोकियोत घालवली. माझा धाकटा भाऊ तेथे संगणकाच्या कंपनीत आहे. शहराच्या पूर्वेला निशी-कासाई म्हणून भाग आहे, तेथे तो राहतो. त्या भागात आपल्या देशाची माणसे इतकी आहेत की, पहिले दोन दिवस मला परमुलखात आल्यासारखे वाटलेच नाही. भाऊ आणि भावजय दोघेही कामावरून रात्री आठाच्या पुढे परतत. तिने माझ्यासाठी पहाटे उठून दोन्ही वेळचे रांधून ठेवावे, हे मला पटेना. तेव्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास मी आणि माझी अकरा वर्षांची पुतणी गल्लीच्या टोकाशी असलेल्या एका खानावळीत जाऊन जेवू लागलो. ती माझी दुभाषी. त्या खानावळीने मला एका जुन्या प्रश्नासमोर पुन्हा नेऊन बसवले. तो प्रश्न मांडावा म्हणून हे लिहीत आहे.

अशा खानावळीला तिकडे 'शोकुदो' म्हणतात. शब्दशः अर्थ जेवणघर. दारावर निळा आखूड पडदा. तो टांगलेला असला की दुकान चालू, आत घेतला की बंद. आत चार टेबले, आणि स्वयंपाकाच्या ओट्यासमोर एका ओळीत सहा खुर्च्या. भिंतीवर कागदाच्या पट्ट्या, एकेका पट्टीवर एकेक पदार्थ आणि त्याची किंमत. कोपऱ्यात उंचावर टीव्ही. चालवणारी नवराबायको, दोघेही सत्तरी ओलांडलेली; तो रांधतो, ती वाढते. तिसरा माणूस नाही. आपण जाऊन 'तेइशोकू' मागायचे. तेइशोकू म्हणजे ठरलेले जेवण, आपली राईसप्लेटच म्हणा ना. एका तबकात भाताचा वाडगा, 'मिसो'चे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे वाफाळते सार, मीठ लावून भाजलेला मासा, मिठात मुरवलेल्या मुळ्याच्या चार चकत्या आणि एखादी उकडलेली पालेभाजी. मासा बहुधा 'साबा', आमच्या बांगड्याचा चुलतभाऊ. आम्ही मूळची वेंगुर्ल्याकडची माणसे. तिसऱ्या दिवशी मी काट्यांचा सांगाडा अखंड बाजूला काढून ठेवला, तेव्हा बाईंनी तो नवऱ्याला बोलावून दाखवला.

किंमत साडेआठशे येन. आपले पाचशे रुपये होतात. हे ऐकून पहिल्या दिवशी माझा घास घशातच अडकला होता. पण त्या शहराच्या मानाने हे स्वस्त. त्या वेळी टोकियोत मजुरीचा किमान दर तासाला ११६३ येन होता. म्हणजे पुरता एक तासही न राबता माणसाला तेथे घरच्यासारखे, गरम आणि पोटभर जेवता येत होते.

जेवण्यापूर्वी जपानी माणूस हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतो. 'मी नम्रपणे घेतो' असा त्याचा अर्थ. त्याचे मला फारसे नवल वाटले नाही. आपणही श्लोक म्हणतोच. नवल वाटले ते नंतरच्या शब्दाचे. जेवण झाले, पैसे दिले, की गिऱ्हाईक दारातून बाहेर पडताना वळून 'गोचिसोसामा' म्हणते. यातल्या 'चिसो'च्या अक्षरांचा मूळ अर्थ धावणे, धावपळ. पाहुण्यासाठी यजमानाने चार ठिकाणी धावून जिन्नस गोळा केले, त्या धावपळीचे हे आभार. मी पुतणीला म्हटले, "अगं, पण पैसे दिले ना त्याने?" ती म्हणाली, "काका, पैसे जेवणाचे. हे त्यांना." आपण काय बोलून गेलो हे मुलांना कळत नाही, हे एका अर्थी बरेच असते.

आपल्याकडे याच्या जोडीचे शब्द आहेत, 'अन्नदाता सुखी भव'. पण खानावळीत आपण हा आशीर्वाद कधी देत नाही. पैसे मोजले तेथे फिटंफाट झाली, असे आपण धरून चालतो. अन्न विकणे हेच मुळी जुन्या लोकांना कमीपणाचे वाटे. अन्न द्यायचे ते दान म्हणून. ही उतरंड माझ्याही मनात लहानपणापासून होती. आणि तिला पहिला तडा पाडणारा माणूस माझ्याच घरात होता.

माझे वडील सावंतवाडीस वार लावून शिकले. तरुण वाचकांना हे समजावून सांगायला हवे. आठवड्याचे सात वार, गावातली सात घरे. गरीब विद्यार्थ्याने ज्या त्या वारी त्या त्या घरी जाऊन जेवायचे. त्या सातही घरांनी वडिलांना कधी उपाशी पाठवले नाही. बुधवारच्या घरी तर पुष्कळदा गोडाचे असे. तरीही वडील आयुष्यभर मान खाली घालून, पाठीशी कोणी उभे असल्यासारखे भराभर जेवले. भात वाढू का, असे आईने विचारावे, तर तिचा प्रश्न संपायच्या आत यांचे 'नको' आलेले असे. आणि आयुष्यातले सर्वांत चांगले जेवण कोणते, असे विचारले की ते पहिल्या पगाराच्या दिवशी एका खानावळीत घेतलेल्या राईसप्लेटची गोष्ट सांगत. "आमटीत नुसते पाणी होते," म्हणत, "पण मी ती दोनदा मागून घेतली." आई चिडायची. ज्या घरांनी जगवले त्यांच्यापेक्षा त्या पातळ आमटीचे कौतुक! हा कृतघ्नपणा झाला, असे तिचे म्हणणे. आणि शाळेत जाणाऱ्या मलाही ते पटे. वडील गेले तरी माझे मत काही बदलले नव्हते.

त्या शोकुदोत रोज सहाला एक मुलगा येई. तिसरी-चौथीतला असावा. पाठीवर दप्तर, एकटाच. त्याची आई रात्रपाळीला जाते, एवढे पुतणीला ठाऊक होते. तो ओट्यासमोरच्या कडेच्या खुर्चीवर बसे, जेवे, गृहपाठाचे एखादे पान उरके आणि उठून पैशांच्या तबकडीत नाणी मोजून ठेवी. तिकडे पैसे हातात देत नाहीत, तबकडीत ठेवतात. बाई ती नाणी पुन्हा मोजत आणि कमरेत वाकून त्याचे आभार मानत. शेजारच्या कोटवाल्या गृहस्थापुढे जेवढे वाकत, तेवढेच या पोरापुढे. मला पहिल्यांदा याचा रागच आला. एवढ्याशा पोराकडून पैसे कसले घेता? आमच्याकडची एखादी काकू असती तर तिने त्याची नाणी त्याच्याच खिशात कोंबली असती, वर पाठीत प्रेमाचा धपाटा घातला असता. असे मी मनात म्हटले, आणि आपल्या संस्कृतीबद्दल थोडा फुगलोही.

तो मे महिना तिकडे तांदळाच्या महागाईचा होता. पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली होती, वर्षापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. एके दिवशी भिंतीवर नवी पट्टी दिसली. पुतणीने ती वाचून दाखवली: यापुढे भाताच्या दुसऱ्या वाडग्याचे पन्नास येन घ्यावे लागत आहेत, कृपा करून क्षमा असावी. तोवर दुसरा भात फुकट असे. त्याच सुमारास तेथले शेतीमंत्री ताकू एतो यांनी एका भाषणात सांगून टाकले की, आपण तांदूळ कधी विकत घेतलेला नाही, समर्थक भरपूर आणून देतात. देशभर गहजब उडाला आणि २१ मे रोजी त्यांना राजीनामा द्यावा लागला. ती बातमी आम्ही खानावळीतल्या टीव्हीवरच पाहिली. म्हातारा तांदूळ धूत होता. त्याने मान वर करून पाहिले आणि पुन्हा तो तांदूळ धुऊ लागला. कोणी काही बोलले नाही. मला मात्र वडील आठवले. फुकट मिळालेल्या अन्नाने एकाची मान जन्मभर खाली राहते, आणि दुसऱ्याला ते फुकट मिळते आहे याची आठवणही राहत नाही. हे दोघे एकाच पंगतीतले कसे, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पट्टी लागल्यापासून त्या मुलाचा पहिलाच वाडगा शीग लावून येत होता. दुसरा मागायची वेळच येऊ नये, इतका. नाणी मात्र पूर्वीसारखीच मोजून घेतली जात होती.

जपानी लोकांनी या बाबतीत बरेच डोके चालवलेले दिसते. १९१८ साली तांदूळ महागला म्हणून तेथे दंगे उसळले. त्या सुमारास आणि त्यानंतर ओसाका, टोकियो अशा शहरांनी सार्वजनिक जेवणघरे काढली. ती स्वस्त होती, फुकट नव्हती. अलीकडे, २०१२ साली, टोकियोच्या ओता भागातल्या एका भाजीवाल्या बाईंनी 'कोदोमो शोकुदो', म्हणजे मुलांचे जेवणघर, सुरू केले. ज्यांना घरी एकट्याने जेवावे लागते किंवा धड जेवण मिळत नाही, अशा मुलांसाठी. ती कल्पना पसरत जाऊन देशभर अशी दहा हजारांवर जेवणघरे झाली. काही ठिकाणी जेवण फुकट असते, पण पुष्कळ ठिकाणी मुलाकडून शंभर येनचे नाणे घेतात. शंभर येनमध्ये जेवण निघत नाही हे घेणारा जाणतो, आणि मला वाटते, देणारे मूलही जाणत असावे. जिंबोचो या जुन्या पुस्तकांच्या पेठेत सेकाई कोबायाशी या बाईंनी २०१५ साली बारा खुर्च्यांचे 'मिराई शोकुदो' उघडले, त्यातली युक्ती तर आणखी निराळी. पन्नास मिनिटे भांडी घासा, टेबले पुसा, आणि एक वेळ जेवा. स्वतःला ते जेवण नको असेल तर त्याचे तिकीट दाराशी चिकटवून जा. कोणाही अनोळखी माणसाने ते काढून घ्यावे आणि जेवावे.

आपल्याकडेही गिरणगावातल्या बायकांनी वर्षानुवर्षे गिरणी कामगारांना महिनेवारीने जेवू घातले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापून त्यांना एकत्र आणले. चुलीशी पाठ मोडेस्तोवर राबलेल्या त्या बायांना कोणी अन्नदाता म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. त्या पैसे घेत ना!

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाप नाही, आई दुसऱ्याच्या बागेत कामाला. आठवीपर्यंत त्याला शाळेत खिचडी मिळे. नववीत गेल्यावर ती बंद झाली. मधल्या सुटीत मी त्याला घरी जेवायला नेऊ लागलो. हे मी कोणाला सांगत नसे. पण सांगत नाही, याचा मला अभिमान होता. एके दिवशी त्याने सदऱ्याच्या खिशातून दोन लिंबे काढून माझ्या पत्नीपुढे धरली. त्यांच्या परसातली होती. मी हसलो. "अरे, आम्हांला काय कमी आहे? आईला दे नेऊन," असे म्हणून मी स्वतःच्या हाताने ती पुन्हा त्याच्या खिशात घातली. त्या दिवशी तो जेवला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. डबा आणतो, म्हणाला. डबा नव्हता; मधल्या सुटीत तो चिंचेखाली बसलेला मला वर्गाच्या खिडकीतून दिसे. मी विचारले नाही. उलट घरी म्हटले की, गरिबाला इतका ताठा शोभत नाही. आईचा 'कृतघ्न' हा शब्दही मी त्या वेळी वापरला असावा.

टोकियोच्या त्या खानावळीत, बाई पोराची नाणी मोजत असताना, मला ती लिंबे आठवली.

येथे कोणी विचारील की, मग दान वाईट आणि विक्री चांगली असे म्हणायचे आहे काय? ज्याच्याजवळ नाणेही नाही आणि लिंबूही नाही, त्याने काय करावे? त्याला आधी जेवू घालावे, याबद्दल मला शंका नाही. शिवाय तो म्हातारा विकत होता, हे तरी कितपत खरे? नवराबायकोंनी स्वतःची मजुरी हिशेबात धरली असती तर साडेआठशे येनमध्ये ते तबक पुढे आले नसते. त्यांच्यामागे दुकान चालवणारे कोणी नाही. गुडघे थकले की तो निळा पडदा एक दिवस आत जाईल तो पुन्हा टांगला जाणार नाही. तेव्हा त्या किमतीत दान होतेच, फक्त ते पट्टीवर लिहिलेले नव्हते. माझे उलटे होते. मी जे देत होतो ते त्या मुलाला रोज वाचता येत होते. मला देता येत होते. त्याच्याकडून घेता मात्र आले नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तबकडीत हजार येनची नोट ठेवली आणि सुटे न घेता बाहेर पडलो. तेवढेच आपले काहीतरी, असा विचार. वीस पावले गेलो असेन, तो मागून हाक आली. म्हातारा रबरी बूट फटफटवीत, एप्रनसकट, गल्लीतून धावत येत होता. त्याने दीडशे येन माझ्या तळहातावर ठेवले, वाकला आणि परत गेला. त्याचा मासा तव्यावर होता. "काका, इथं असं चालत नाही," पुतणी म्हणाली.

परत आलो. तो मुलगा आता कुडाळच्या स्टँडजवळ चहा-भज्यांची गाडी चालवतो, हे मला दोन-तीन वर्षांपासून ठाऊक होते. मी वळसा घालून जात असे. शाळा उघडायच्या आधी एका दुपारी सरळ गेलो. त्याने फडक्याने बाकडे पुसले, "गुरुजी, बसा" म्हणाला, आणि न मागता चहा आणि भज्यांची बशी पुढे केली. मी खिशातून पन्नासाची नोट काढली.

"गुरुजी, तुमच्याकडून कसले पैसे?"

"धंदा आहे तुझा," असे मी म्हणणार होतो. विकतच्या अन्नाची थोरवी विमानात बसून मी नीट जुळवून आणली होती. पण त्याच्या तोंडाकडे पाहिले. हेच तोंड मी एकदा पाहिले होते, तेव्हा त्याच्या हातात लिंबे होती. मी नोट खिशात ठेवली. तोवर भजी निवली होती. मी ती सगळी खाल्ली, आणि आणखी चार मागून घेतली.